कितीपैकी किती? नर्सिंगच्या विद्यार्थ्यांसाठी साथरोगशास्त्र, एका पाड्यावर उभं राहून

माझ्या पहिल्या साथीत मी एकोणतीस नावं लिहून आणली होती. नाशिक जिल्ह्याच्या पेठ तालुक्यातलं गाव, आषाढाचा पाऊस, आणि ओल्या वहीत एकाखाली एक एकोणतीस नावं: वय, जुलाब कधीपासून, सलाईन किती लागली. मेडिकल ऑफिसरांनी वही उघडली, शेवटच्या नावापर्यंत बोट फिरवलं आणि विचारलं, ‘‘सिस्टर, गावात एकूण माणसं किती? आणि जे आजारी पडले नाहीत, ते कुठलं पाणी पितात?’’

दोन्हींची उत्तरं माझ्याकडे नव्हती. ज्याला काही झालेलं नाही त्याच्या दारात जाऊन काही विचारायचं असतं, हे तोवर माझ्या मनातही आलं नव्हतं. दुसऱ्या दिवशी सगळी घरं पुन्हा फिरलो. मधला तो एक दिवस गावानं तेच पाणी प्यायलं. ही गोष्ट मी विसरलेले नाही, आणि कम्युनिटी पोस्टिंगला निघालेल्या प्रत्येक बॅचला आधी हीच सांगते.

वॉर्डात आपण एका माणसाच्या उशाशी उभं राहून विचारतो, याला काय झालंय? साथरोगशास्त्र विचारतं, कुणाला झालं, कुणाला नाही झालं, आणि फरक कशानं पडला? शाळेतल्या अपूर्णांकाच्या भाषेत सांगायचं तर वॉर्डात फक्त अंश दिसतो. छेद गावात असतो. तो आणायला चालत जावं लागतं.

व्याख्या, आणि १८५४ साल

पाठ करायची व्याख्या तुमच्या पुस्तकात आहे. माझ्या शब्दांत ती अशी: लोकसमूहात आजार कसा विखुरलाय, कशामुळे विखुरलाय, आणि हे कळल्यावर तो आटोक्यात कसा आणायचा, याचा अभ्यास. शेवटचा तुकडा तोंडी परीक्षेत बऱ्याच जणी विसरतात. आटोक्यात आणणं हा व्याख्येचाच भाग आहे.

१८५४ च्या ऑगस्टअखेरीस लंडनच्या सोहो भागात पटकीची, म्हणजे कॉलऱ्याची साथ भडकली आणि सहाशेहून जास्त माणसं गेली. डॉ. जॉन स्नो यांनी मृत्यू झालेली घरं नकाशावर मांडली. ती ब्रॉड स्ट्रीटवरच्या एका हातपंपाभोवती दाटलेली दिसली. ८ सप्टेंबरला त्या पंपाचा दांडा काढला गेला. रॉबर्ट कोख यांनी पटकीचा जंतू ओळखला तो १८८३-८४ मध्ये, इजिप्तमध्ये आणि मग आपल्या कलकत्त्यात. म्हणजे जंतू हाती लागण्याच्या तीस वर्षं आधी, नुसती मोजणी करून पाण्यावर बोट ठेवता आलं होतं. लॅबचा रिपोर्ट येईपर्यंत हातावर हात ठेवून बसू नका, असं मी म्हणते ते यासाठी.

१८५४ च्याच नोव्हेंबरात, क्रिमियन युद्ध चालू असताना, फ्लॉरेन्स नाइटिंगेल तुर्कस्तानातल्या स्कुतारीच्या लष्करी रुग्णालयात पोचल्या. हातातल्या कंदिलाचं चित्र सगळ्यांना माहीत असतं. १८५८ मध्ये त्यांनी काढलेला पाकळ्यांसारखा आलेख मात्र फारसा कुणी दाखवत नाही. जखमांनी मेलेल्या सैनिकांपेक्षा टाळता येण्याजोग्या रोगांनी मेलेले कितीतरी जास्त होते, हे त्या पाकळ्या बघताक्षणी सांगतात. आपल्या व्यवसायाची आद्य व्यक्ती आकडेमोड करणारी होती. हे शास्त्र डॉक्टरांचं आणि आपण फक्त फॉर्म भरणाऱ्या, असं कुणी मनात धरू नये.

आता पाड्यावर जाऊ. हा पाडा मी शिकवण्यासाठी मांडलाय आणि आकडेही माझेच आहेत, पण पेठ, सुरगाणा, त्र्यंबकेश्वर, इगतपुरी या पट्ट्यात तो कुठेही बसेल. ६० घरं, ३०० माणसं, त्यात पाच वर्षांखालची ४० मुलं. खालच्या आळीत विहीर, तिला कठडा नाही. वरच्या आळीत हातपंप. मंगळवारी रात्री मुसळधार पाऊस झाला. गुरुवारी सकाळी आशाताईंचा फोन येतो: ‘‘सिस्टर, ढाळ-वांती लागलीय, सात-आठ घरांत.’’

पायरी १: खरंच साथ आहे का?

साथ म्हणजे त्या जागी, त्या काळात, अपेक्षेपेक्षा जास्त रुग्ण. त्यामुळे आधी अपेक्षा काय होती ते माहीत हवं. उपकेंद्राचं रजिस्टर काढा आणि मागच्या तीन वर्षांत याच आठवड्यात या पाड्यातून जुलाबाचे किती रुग्ण आले ते मोजा. दर पावसाळ्यात आठवड्याला दोन-तीन येत असतील तर तो तिथला नेहमीचा भार झाला, त्याला एंडेमिक म्हणतात. दोन दिवसांत चौदा आले तर साथ. काही आजारांत अपेक्षाच शून्य असते: लॅबमध्ये खात्री झालेला पटकीचा एक रुग्णही साथ म्हणूनच हाताळायचा. पोलिओचंही तसंच. नैसर्गिक (वाइल्ड) पोलिओ विषाणूचा भारतातला शेवटचा रुग्ण १३ जानेवारी २०११ चा, हावड्यातला. त्यानंतर एक जरी सापडला तरी सगळी यंत्रणा हलायला हवी.

खोटी वाढही ओळखायला शिका. नवीन डॉक्टर रुजू झाले आणि ओपीडी दुप्पट झाली, किंवा शेजारचं उपकेंद्र बंद पडल्यानं तिकडचे लोक इकडे यायला लागले, तरी रजिस्टर फुगतं. आजार तेवढाच असतो.

पहिल्याच फेरीत दोन कामं उरका. अँटिबायोटिक सुरू होण्याआधी चार-पाच ताज्या रुग्णांचे शौच नमुने घ्या, रेक्टल स्वॅब (गुदद्वारातून कापसाच्या काडीनं घेतलेला नमुना) कॅरी-ब्लेअर माध्यमात, त्यात जंतू लॅबपर्यंत टिकतात. आणि टीसीएल (ब्लीचिंग पावडर) पडण्याआधी विहिरीच्या पाण्याचा नमुना घ्या. नंतर घेतलेला नमुना स्वच्छच येणार, आणि मग सरपंच म्हणतील, पाणी तर चांगलं आहे.

पायरी २: छेद मिळवा

आदिवासी आणि डोंगराळ भागात ३,००० लोकसंख्येमागे एक उपकेंद्र असतं, सपाटीवर ५,००० मागे. हे आकडे नियोजनाचे. पाड्यावर आज किती माणसं आहेत, हे त्यातून कळत नाही.

आपल्या जिल्ह्यात तर मुळीच नाही. ऑक्टोबर छाटणीपासून द्राक्षं उतरेपर्यंत पेठ-सुरगाण्याची कितीतरी कुटुंबं दिंडोरी-निफाडच्या बागांत असतात. जानेवारीत तुम्ही कुटुंब नोंदवहीतले ३०० छेदात घेतले आणि प्रत्यक्षात १९० च माणसं पाड्यावर असली, तर तुमचे सगळे दर खोटे ठरतील, तेही कमी दाखवणारे. आणि दिंडोरीच्या बागेवरच्या झोपडीतलं मूल कुणाच्याच यादीत नसेल. लसीकरणात सुटतात ती हीच मुलं, दोन्ही गावांच्या यादीतून. आपल्या उदाहरणात महिना जुलै आहे, भात लावणीचा, तेव्हा लोक घरी परतलेले आहेत. तरीही आशाताईंबरोबर घरटी विचारा: काल रात्री या घरात किती जण झोपले होते? हा प्रश्न नोंदवहीपेक्षा खरं उत्तर देतो.

पायरी ३: केस डेफिनिशन (रुग्ण कुणाला म्हणायचं) ठरवा, कागदावर लिहा

पाच विद्यार्थिनी पाच घरांत गेल्या आणि प्रत्येकीनं जुलाबाचा आपापला अर्थ लावला, तर यादीला काही किंमत नाही. व्याख्येत चार गोष्टी हव्यात: लक्षण, काळ, जागा, व्यक्ती. आपली अशी: ‘मंगळवार रात्रीपासून, या पाड्यात राहणाऱ्या कोणत्याही वयाच्या व्यक्तीला, २४ तासांत तीन किंवा जास्त वेळा पातळ जुलाब, उलटी असो वा नसो.’

सुरुवातीला जाळं रुंद ठेवा, संशयित सगळे येऊ देत. लॅबचा निकाल आला की त्यातले खात्रीचे वेगळे करा. एक गोष्ट मात्र पाळाच: ज्या पाण्यावर तुमचा संशय आहे ते व्याख्येत घालू नका. ‘विहिरीचं पाणी पिऊन जुलाब झालेले’ अशी व्याख्या केली की विहीर दोषी निघणारच, आणि तुम्ही काहीच सिद्ध केलेलं नसेल.

पायरी ४: लाइन लिस्ट, आणि विचारायचं कसं

एका रुग्णाला एक ओळ. रकाने: अनुक्रम, नाव, वय, लिंग, आळी आणि घर क्रमांक, लक्षणं, आजार सुरू झाल्याचा दिवस आणि वेळ, पिण्याचं पाणी कुठलं, गेल्या पाच दिवसांत बाहेर कुठे जेवण झालं का, उपचार, नमुना घेतला का, आत्ता कसं आहे.

यातला सर्वात मोलाचा रकाना आजार सुरू झाल्याच्या दिवसाचा, आणि सर्वात जास्त चुका त्यातच होतात. ओपीडीत आल्याची तारीख आणि आजार सुरू झाल्याची तारीख वेगळ्या असतात. पाड्यावर तारीख विचारू नका. ‘‘पहिल्यांदा परसाकडला पळावं लागलं तेव्हा पाऊस होता का? लाईट गेली त्या रात्री की दुसऱ्या दिवशी? बाजाराच्या आधी की नंतर?’’ असं विचारलं की आजीबाईसुद्धा तासापर्यंत नेमकं सांगतात. जुलाब हा आपला शब्द. घरात कुणी ढाळ म्हणतं, कुणी हगवण, कुणी नुसतं पोट गेलं म्हणतं. आशाताई त्यांच्या बोलीत विचारतील, तुम्ही बाजूला बसून लिहा.

पाण्याबद्दल विचारताना उत्तर तोंडात घालू नका. ‘‘विहिरीचंच पाणी पिता ना?’’ याला समोरचा होच म्हणणार, सिस्टर आल्यात म्हणून. ‘‘काल हंडा कुठून भरला?’’ हे विचारा, आणि जमलं तर हंडा बघा. आजारी माणूस तपशील जास्त आठवतो आणि निरोगी माणूस विसरतो, याला रिकॉल बायस म्हणतात. म्हणून दोघांना तेच प्रश्न, त्याच शब्दांत, त्याच क्रमानं.

पायरी ५: काळ, स्थळ, व्यक्ती

आपल्या पाड्यात एकूण ३६ रुग्ण निघाले. बुधवारी ३, गुरुवारी ११, शुक्रवारी १३, शनिवारी ६, रविवारी ३. चौकटीच्या कागदावर आडवे दिवस मांडा आणि प्रत्येक रुग्णाला एक चौकोन रंगवा. ही एपिडेमिक कर्व्ह. संगणक लागत नाही, आणि हातानं काढली की प्रत्येक चौकोनामागचा चेहरा आठवतो.

आकार बोलतो. एकदम चढून हळूहळू उतरणारा एकच डोंगर असेल, आणि सगळे रुग्ण एका इन्क्युबेशन पीरियडमध्ये (जंतू शरीरात शिरल्यापासून लक्षणं दिसेपर्यंतच्या काळात) बसत असतील, तर सर्वांना एकाच ठिकाणाहून, थोड्या वेळात लागण झाली असं समजा. वर चढून पठारासारखा लांबत राहिला तर स्रोत अजून चालू आहे. गोवरासारख्या माणसाकडून माणसाकडे जाणाऱ्या आजारात एकामागून एक लाटा दिसतात, साधारण दहा ते चौदा दिवसांच्या अंतरानं.

इन्क्युबेशन पीरियड पाठ करायला मुली कंटाळतात. पण तो पाठ नसेल तर मागे किती जायचं हे कळतच नाही. पटकी काही तासांपासून पाच दिवसांपर्यंत, म्हणजे कालपरवाचं पाणी विचारा. टायफॉईड साधारण एक ते तीन आठवडे. डेंग्यू चार ते दहा दिवस. आणि हिपॅटायटिस ए पंधरा ते पन्नास दिवस: काविळीचा रुग्ण समोर असताना आजचं पाणी तपासून भागत नाही, महिन्याभरापूर्वी कुठली पाइपलाइन फुटली होती ते विचारावं लागतं.

स्थळासाठी पाड्याचा नकाशा काढा: वाट, ओढा, विहीर, हातपंप, उघड्यावर जायची जागा, आणि उतार कुठून कुठे. त्यावर रुग्णांचे ठिपके द्या. पावसाचं पाणी कुठून विहिरीत उतरतं ते स्वतः चालून बघा. मी अशा एका विहिरीवर उभी राहून, वरच्या बांधावरून तांबूस पाण्याची बोटभर जाड धार सरळ आत पडताना पाहिली आहे. तिच्या काठावर बाळांची दुपटी वाळत घातलेली होती. ते पाहिल्यावर नकाशावर बाण काढताना हात थबकला नाही.

व्यक्तीचा भाग आला की छेद पुन्हा उभा राहतो. ३६ पैकी पाच वर्षांखालची मुलं १०, मोठे २६. वहीकडे बघून वाटेल मोठ्यांनाच जास्त झालंय. पण मुलं एकूण ४०, मोठे २६०. एका गटातल्या शंभरांपैकी किती आजारी पडले, तो अटॅक रेट. मुलांचा अटॅक रेट ४० पैकी १०, म्हणजे २५ टक्के. मोठ्यांचा २६० पैकी २६, म्हणजे १० टक्के. मुलांना अडीच पट धोका आहे, आणि ओआरएसची पाकिटं आधी कुठल्या घरी न्यायची ते यावरून ठरतं. सगळ्या पाड्याचा अटॅक रेट ३०० पैकी ३६, म्हणजे १२ टक्के.

पायरी ६: चार घरांची चौकट

आता प्रत्येक माणसाला दोन प्रश्नांनी वाटा: विहिरीचं पाणी पितो की हातपंपाचं, आजारी पडला की नाही.

| पाणी | आजारी | निरोगी | एकूण |
|---|---|---|---|
| विहीर | ३२ | १२८ | १६० |
| हातपंप | ४ | १३६ | १४० |

विहीरवाल्यांचा अटॅक रेट ३२ भागिले १६०, म्हणजे २० टक्के. हातपंपवाल्यांचा ४ भागिले १४०, म्हणजे सुमारे २.९ टक्के. पहिल्याला दुसऱ्यानं भागा: ७. हा रिलेटिव्ह रिस्क, म्हणजे विहिरीचं पाणी पिणाऱ्याला आजाराचा धोका सात पट. तो १ आला असता तर दोन्ही पाण्यांत फरक नाही, १ पेक्षा कमी आला असता तर विहीर उलट सुरक्षित.

आणखी एक आकडा काढा, सरपंचांना पटवायला तो जास्त उपयोगी पडतो. २० मधून २.९ वजा केले की १७.१. विहीरवाल्या दर १०० माणसांत सुमारे १७ जणांचा आजार त्या पाण्यामुळे आहे. हा अ‍ॅट्रिब्युटेबल रिस्क. ‘सात पट’ ऐकून लोक मान डोलावतात. ‘शंभरात सतरा जणं वाचली असती’ म्हटलं की कठड्याचा ठराव होतो.

इथे आपण पाड्यातला प्रत्येक माणूस मोजला, म्हणून दर काढता आले. हा मागे वळून केलेला कोहॉर्ट, म्हणजे अख्खा गट मोजणारा, अभ्यास झाला. लग्नाच्या पंगतीत विषबाधा झाली आणि जेवलेल्यांची यादी मिळाली, तरी हीच रीत. पण यादीच नसेल तर? पंचवटीच्या एखाद्या दवाखान्यात गावोगावचे ३० यात्रेकरू जुलाब घेऊन आले, तर छेद कुठून आणणार? मग ३० रुग्ण आणि त्याच दवाखान्यात दुसऱ्या कारणानं आलेले ३० किंवा ६० जण घेऊन दोन्ही गटांना मागचं खाणंपिणं विचारायचं. हा केस-कंट्रोल अभ्यास. यात धोका थेट काढता येत नाही, म्हणून ऑड्स रेशो काढतात, चौकटीतल्या तिरक्या गुणाकारांचा भागाकार. आपल्याच चौकटीवर करून बघा: ३२ गुणिले १३६ ला १२८ गुणिले ४ नं भागा, उत्तर ८.५. तोच पाडा, रिलेटिव्ह रिस्क ७ आणि ऑड्स रेशो ८.५. आजार दुर्मिळ असतो तेव्हा दोन्ही जवळ येतात, नाहीतर ऑड्स रेशो धोका फुगवून दाखवतो. तोंडी परीक्षेत हा प्रश्न आला तर हे उदाहरण सांगा, पुढचा प्रश्न येणार नाही.

जे बसत नाहीत, त्यांच्याकडे परत जा

चौकट पूर्ण झाली की बहुतेक जणी वही मिटतात. माझ्या मते खरं काम इथे सुरू होतं. हातपंपाचं पाणी पिऊनही आजारी पडलेले ते चार कोण? परत गेलात तर कळेल: दोघे भाऊ खालच्या शेतात भात लावायला गेले होते आणि दुपारी विहिरीवरच पाणी प्यायले. एक म्हातारी रात्री खालच्या आळीतल्या लेकीकडे झोपते. चौथीचा उलगडा होत नाही. तसं लिहून ठेवा, ओढूनताणून बसवू नका.

स्नो यांचाही पुरावा अपवादांनीच पक्का झाला. पंपाजवळच्या दारूभट्टीतले कामगार वाचले, कारण त्यांना प्यायला बिअर मिळे आणि भट्टीची स्वतःची विहीर होती. आणि दूर हॅम्पस्टेडला राहणारी एक विधवा गेली, कारण तिला त्याच पंपाचं पाणी आवडायचं म्हणून ती ते मुद्दाम मागवून घेत असे.

दुसरी शंका कन्फाउंडिंगची, म्हणजे कारण दुसरंच असून दोष भलत्याला जाण्याची. वरच्या आळीत घरोघरी संडास आहेत आणि खालच्या आळीत नाहीत, असं निघालं तर? मग फरक पाण्याचा की संडासाचा? फक्त बिनसंडासाची घरं घ्या आणि त्यांच्यातच विहीरवाले आणि हातपंपवाले यांची तुलना करा. तिथेही फरक उरला तर पाण्यावरचा संशय पक्का होतो.

हे सगळं होईपर्यंत विहिरीचं काय?

पायऱ्या लिहिताना एकाखाली एक येतात, पाड्यावर त्या एकाच वेळी चालतात. नमुना घेतला की पहिल्याच दिवशी टीसीएल. दर १,००० लिटरला चांगली पावडर किमान २.५ ग्रॅम. विहिरीतलं पाणी मोजायला गोल तोंडाचा व्यास आणि पाण्याची खोली मीटरमध्ये घ्या: व्यासाचा वर्ग गुणिले खोली गुणिले ३.१४, भागिले ४, आणि उत्तराला १,००० नं गुणलं की लिटर. व्यास ३ मीटर, खोली २ मीटर असेल तर सुमारे १४,१३० लिटर, म्हणजे पावडर जवळपास ३५ ग्रॅम. पावसाचं गढूळ पाणी जास्त क्लोरीन खातं, म्हणून नेमकी मात्रा पाण्याकडूनच विचारून घ्यावी लागते.

पावडर बादलीत थोड्या पाण्यात कालवून लगदा करा, बादली पाऊण भरा, ढवळा, पाच-दहा मिनिटं ठेवा म्हणजे चुना खाली बसेल. वरची निवळी दुसऱ्या बादलीत घेऊन ती दोरानं विहिरीत सोडा, खालीवर हलवा. एक तास थांबा. मग ओटी टेस्ट, म्हणजे पाण्यात ऑर्थोटोलिडीन टाकून बघायचं: पिवळा रंग आला तर क्लोरीन आहे, साथीच्या काळात लिटरला ०.५ मिलिग्रॅम उरलेलं हवं. रंग आला नाही तर पुन्हा. पोतं उघडं राहिलं तर पावडरीतलं क्लोरीन उडून जातं, तेव्हा ग्रामपंचायतीच्या जलसुरक्षकांना पोतं कुठे आणि कसं ठेवलंय तेही विचारा. वर्षातून दोनदा पाण्याच्या स्रोतांची पाहणी होऊन ग्रामपंचायतीला लाल, पिवळं किंवा हिरवं कार्ड मिळतं. ते कार्ड मागून बघा.

आजारी मुलाला एक पाकीट ओआरएस एक लिटर पाण्यात, आणि झिंक १४ दिवस, सहा महिन्यांवरच्या बाळाला रोज २० मिलिग्रॅम. वेळेवर पाणी भरून काढलं तर पटकीत शंभरात एकही दगावू नये. उपचाराशिवाय निम्म्यापर्यंत जाऊ शकतात. आजारी पडलेल्यांपैकी किती दगावले, ही झाली केस फेटॅलिटी. तिचा छेद रुग्ण असतात. मॉर्टॅलिटी रेटचा छेद सगळी लोकसंख्या. दोन्हींत गल्लत करू नका.

गंगापूरचं धरण आणि प्रिव्हॅलन्स

इन्सिडन्स आणि प्रिव्हॅलन्स यांत गोंधळ होत असेल तर पावसाळ्यात गंगापूर धरणाची बातमी ऐका. आवक किती, विसर्ग किती, साठा किती. नवे रुग्ण ही आवक, तो इन्सिडन्स. बरे झालेले आणि दगावलेले हा विसर्ग. आज एकूण जितके रुग्ण आहेत तो साठा, म्हणजे प्रिव्हॅलन्स. जुलाबाचा रुग्ण चार-पाच दिवसांत बरा होतो, म्हणून आवक मोठी असली तरी साठा लहान. मधुमेह आयुष्यभर राहतो, म्हणून आवक बेताची असली तरी साठा चढत जातो. उपचार सुधारून मधुमेही जास्त वर्षं जगू लागले की प्रिव्हॅलन्स वाढतो, आणि ती वाईट बातमी नसते. सिकलसेलसारख्या जन्मजात आजारात पाड्यावर तुम्ही प्रिव्हॅलन्सच मोजत असता.

शहरात छेद बदलतो

डेंग्यूच्या कंटेनर सर्वेक्षणात एकाच फेरीतून तीन आकडे निघतात. समजा नाशिकच्या सिडकोत ५० घरं तपासली, ८ घरांत अळ्या सापडल्या. पाण्याची भांडी १६० पाहिली, त्यांतली १२ अळ्यांची निघाली. हाऊस इंडेक्स ५० पैकी ८, म्हणजे १६. कंटेनर इंडेक्स १६० पैकी १२, म्हणजे ७.५. ब्रेटो इंडेक्स म्हणजे दर १०० घरांमागे अळ्यांची भांडी: १२ भागिले ५० गुणिले १००, म्हणजे २४. छेद बदलला की प्रश्न बदलतो. मला ब्रेटो जास्त उपयोगी वाटतो, कारण घरं आणि भांडी दोन्ही त्यात येतात.

आणि सिंहस्थ कुंभमेळा. २०२७ च्या पर्वणीला तुमच्यातल्या कितीतरी जणींची ड्यूटी रामकुंडाच्या आसपासच्या केंद्रांवर लागेल. तिथे लोकसंख्या तासागणिक बदलते, छेद मिळणं शक्यच नाही. मग केंद्रावर आलेले एकूण रुग्ण हाच छेद धरा. आज १,२०० पैकी ९६ जुलाबाचे, म्हणजे ८ टक्के. उद्या २,००० पैकी १२०, म्हणजे ६ टक्के. आकडा वाढला, वाटा घटला, धावाधाव नको. उलट आकडा तेवढाच राहून वाटा दुप्पट झाला तर लगेच फोन करा. हरिद्वारच्या १८६७ आणि १८९२ च्या मेळ्यांतून पटकी दूरवर पसरली होती. गर्दी घरी परतते तेव्हा आजारही सोबत जातो, म्हणून परगावच्या रुग्णाचा मूळ तालुका लिहायला विसरू नका.

कळवणं, आणि शून्य

२००४ पासून चालू असलेल्या आयडीएसपीत (सरकारच्या एकात्मिक रोग सर्वेक्षण कार्यक्रमात) तीन फॉर्म आहेत. एस फॉर्म लक्षणांवरून, तो एएनएम, म्हणजे उपकेंद्रातली नर्स भरते. पी फॉर्म डॉक्टरांच्या निदानावरून. एल फॉर्म लॅबच्या खात्रीवरून. आता या नोंदी आयएचआयपी या सरकारी ऑनलाइन पोर्टलवर जातात. सगळ्यात आधी कुणाची नोंद पोचते ते बघा: लक्षणं पाहणाऱ्या नर्सची.

लाइन लिस्टचा फोटो काढून मोबाइलच्या ग्रुपवर टाकू नका. एकदा अशी यादी फिरली आणि एका मुलीच्या घरच्यांना कित्येक दिवस हातपंपावर हंडा लावू दिला नाही. ती आजारातून तिसऱ्याच दिवशी बरी झाली होती. वर पाठवायच्या कागदावर क्रमांक आणि घर पुरतं, नाव उपकेंद्राच्या कपाटात राहू द्या.

शेवटचा रुग्ण आल्यावरही दोन इन्क्युबेशन पीरियड पाडा सोडायचा नाही. पटकीचा संशय असेल तर दहा दिवस. रोज घरटी फेरी, रोज ओटी टेस्ट, रोज नोंद. चौथ्या-पाचव्या दिवसापासून कुणीच सापडत नाही, आणि रजिस्टरची ओळ कोरी सोडायचा मोह होतो. कोरी ओळ वाचणाऱ्याला कळत नाही की पाड्यावर कुणी आजारी नव्हतं, की सिस्टर गेल्याच नव्हत्या. त्या ओळीत तारीख लिहा, तपासलेली घरं ६० लिहा, पाहिलेली माणसं ३०० लिहा, आणि पुढे नीट, ठळक शून्य काढून सही करा.